मालिका पाहून जपानी बोलता येते का?

फेब्रुवारी २०१३ मध्ये बांगलादेश सरकारने डोरेमॉनच्या हिंदी भागांचे प्रक्षेपण बंद केले. ढाक्यातली लहान मुले ते पाहून पाहून घरात हिंदी बोलायला लागली होती, आणि मातृभाषेसाठी १९५२ साली रक्त सांडलेल्या त्या देशाला हे रुचणे कठीण होते. कार्टून मुळात जपानी, आवाज हिंदी आणि शिकणारी मुले बंगाली. त्यांना कोणी हिंदीचे धडे दिले नव्हते, परीक्षा घेतली नव्हती. तरी भाषा तोंडात आली.

आपल्याकडेही कोकणात किंवा घाटावर खेड्यात वाढलेल्या कितीतरी माणसांची हिंदी शाळेच्या पुस्तकापेक्षा सिनेमा आणि टीव्हीतूनच आलेली आहे. मग जपानी मालिका आणि अ‍ॅनिमे (जपानी कार्टून) असेच पाहत राहिलो तर जपानीही येईल, असे वाटणे साहजिक आहे. पुण्यात तर हा प्रश्न फारच जिव्हाळ्याचा. जपानी शिकण्याची इथली परंपरा जुनी आहे, जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेचे केंद्रही इथे आहे. तिच्या पातळ्या एन ५ (सर्वांत सोपी) ते एन १ अशा आहेत. पण त्या परीक्षेत शब्द, व्याकरण, वाचन आणि श्रवण तपासतात, बोलण्याची चाचणी नसते. त्यामुळे एन ३ उत्तीर्ण झालेला, अ‍ॅनिमे सबटायटलशिवाय समजणारा विद्यार्थी जपानी पाहुण्यासमोर उभा राहिला की दोन वाक्यांत अडतो, असे चित्र सर्रास दिसते. याचा दोष त्याच्या हुशारीला देता येत नाही. पाहण्यातून नेमके काय मिळते आणि काय मिळत नाही, हे त्याला कोणी नीट सांगितलेले नसते.

ढाक्याच्या मुलांसमोर एक प्रयोग ठेवून पाहू. सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली तो प्रसिद्ध केला. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना त्यांनी मँडरिन चिनी ऐकवली, सुमारे २५ मिनिटांच्या १२ बैठका. एका गटासमोर चिनी बोलणारी व्यक्ती स्वतः बसून खेळत होती, पुस्तक वाचून दाखवत होती. दुसऱ्या गटाने तसेच सगळे पडद्यावर पाहिले. पहिल्या गटातल्या बाळांना चिनीतले दोन जवळजवळ सारखे ध्वनी वेगळे ओळखता येऊ लागले. पडद्यासमोरच्या बाळांच्या पदरात काहीच पडले नाही.

मग ढाक्यात जे जमले ते सिअ‍ॅटलमध्ये का नाही? माझ्या मते फरक पडद्यात नाही, समजण्यात आहे. बंगाली मुलाला हिंदी पहिल्या दिवसापासून अर्धीमुर्धी कळते. शब्द ओळखीचे, वाक्याची ठेवण तीच. उरलेले चित्र सांगते: नोबिता रडतोय, आई रागावलीय, म्हणजे गृहपाठ झालेला नाही. शिवाय ती मुले टीव्ही बंद झाल्यावर भावंडांशी तेच संवाद बोलून खेळत होती. अमेरिकन बाळाला पडद्यावरच्या आवाजातून अर्थाचा धागाच सापडत नव्हता, आणि त्या आवाजाला उत्तर देण्याचीही सोय नव्हती.

कॅलिफोर्नियातले भाषाशास्त्रज्ञ स्टीफन क्रॅशन यांनी १९८० च्या दशकात हाच मुद्दा सिद्धान्त म्हणून मांडला: कानावर पडणारी भाषा आपल्या सध्याच्या पातळीच्या किंचित वर असेल आणि बहुतांश समजत असेल, तरच ती आत मुरते. न समजणारी भाषा कितीही तास चालू ठेवली तरी तो नुसता आवाज राहतो. किती समजले म्हणजे पुरे, याचा अंदाज इंग्रजीच्या बाबतीत स्टुअर्ट वेब आणि मायकेल रॉजर्स यांनी २००९ मध्ये काढला. नेहमीच्या वापरातले ३,००० शब्द आणि त्यांची रूपे येत असतील, तर चित्रपट आणि मालिकांतले सुमारे ९५ टक्के शब्द ओळखीचे निघतात. जपानीचा आकडा वेगळा असेल, पण तत्त्व तेच. म्हणून ज्याची जपानी अजून एन ५ च्या दारात आहे त्याने मालिका आनंदासाठी जरूर पाहाव्यात, मात्र शिकण्याची मदार पुस्तकावर आणि शिक्षकावर ठेवावी. एन ४ च्या आसपास क्रियापदांची रूपे अंगवळणी पडली की पडद्याचा खरा उपयोग सुरू होतो.

तो उपयोग मोठा आहे, कारण पुस्तकातली जपानी आणि लोकांच्या तोंडची जपानी यांत बरेच अंतर आहे. पुस्तकात आपण ‘तू काय करत आहेस’ यासाठी ‘नानि ओ शिते इमासु का’ शिकतो. मालिकेतली थोरली बहीण म्हणते, ‘नानि श्तेरु नो?’ ‘ओ’ गेला, ‘शिते इरु’चे ‘शितेरु’ झाले, आणि ‘शि’मधला इकार इतका पुसट झाला की कानाला ‘श्ते’च ऐकू येते. आपणही ‘काय करत आहेस’ लिहितो आणि ‘काय करतोयस’ म्हणतो. ज्याने फक्त ‘करत आहेस’ पाठ केले आहे त्या परदेशी माणसाला ‘करतोयस’ ऐकून जेवढा गोंधळ होईल, तेवढाच आपला होतो. ‘वाकारानाइ’चे ‘वाकान्नाइ’, ‘सुमिमासेन’चे ‘सुइमासेन’, ‘नाकेरेबा’चे ‘नाक्या’, अशी ही सगळी घसरण ठरावीक नियमांनी होते. दहा-पंधरा नियम एकदा ओळखीचे झाले की ‘फार भरभर बोलतात हो’ ही तक्रार निम्मी कमी होते.

भरभर तर ते बोलतातच. फ्रान्समधल्या ल्योंच्या संशोधकांनी २०१९ मध्ये १७ भाषांची तुलना केली, तेव्हा जपानीत सेकंदाला जवळजवळ ८ अक्षरे उच्चारली जातात आणि इंग्रजीत साधारण ६, असे दिसले. पण जपानी अक्षरात माहिती कमी भरलेली असते. सेकंदाला पोहोचणारी एकूण माहिती सर्वच भाषांत सरासरी ३९ बिटच्या (बिट हे माहिती मोजायचे एकक) आसपास निघाली. प्रत्येक अक्षर पकडायच्या मागे लागू नये, वाक्याच्या शेवटाकडे कान ठेवावा. क्रियापद, नकार, प्रश्न, आदर, सगळे तिथे असते. मराठीतही वाक्याचा निकाल शेवटीच लागतो, त्यामुळे ही सवय आपल्याला वेगळी लावावी लागत नाही.

इथे मराठी माणसाच्या हाती एक मोठी ठेव आहे आणि ती इंग्रजी सबटायटलमुळे वाया जाते, याची मला खरोखर हळहळ वाटते. जपानीत ‘यात्ते मिरु’ म्हणजे अक्षरशः ‘करून पाहतो’. ‘यात्ते ओकु’ म्हणजे ‘करून ठेवतो’. ‘ताबेते शिमात्ता’ म्हणजे ‘खाऊन टाकलं’, आणि घाईत त्याचे ‘ताबेचात्ता’ होते. घरातून निघताना जपानी माणूस ‘इत्ते किमासु’ म्हणतो, म्हणजे ‘जाऊन येतो’. आपणही उंबऱ्यावर ‘जातो’ म्हणत नाही. इंग्रजी सबटायटल या सगळ्याचे सपाट भाषांतर देते, आणि मग मराठी विद्यार्थी तो अर्थ इंग्रजीतून वळसा घालून समजून घेतो. त्यापेक्षा वाक्य ऐकल्याबरोबर मराठीत मनात म्हणून पाहावे. ‘ठेवणे’, ‘टाकणे’, ‘पाहणे’ यांतली छटा आपल्याला जन्मापासून कळते, तिथे नियम पाठ करायची गरज उरत नाही.

सबटायटलचा प्रश्न निघालाच आहे तर त्याबद्दल जरा सविस्तर. नेदरलँड्समधल्या मॅक्स प्लँक संस्थेत होल्गर मिटरर आणि जेम्स मॅक्वीन यांनी २००९ मध्ये डच लोकांना अनोळखी ढंगाचे इंग्रजी, म्हणजे स्कॉटिश आणि ऑस्ट्रेलियन उच्चारांचे कार्यक्रम दाखवले. काहींना इंग्रजी सबटायटल, काहींना डच, काहींना काहीच नाही. नंतर त्याच उच्चारातले नवे शब्द ओळखायला दिले. इंग्रजी सबटायटल वाचलेल्यांचा कान सुधारला. डच सबटायटल वाचलेल्यांना नव्या शब्दांत उलट अडथळा झाला. कारण सरळ आहे: कानावर जे पडते तेच डोळ्यांसमोर असेल, तर कोणता आवाज म्हणजे कोणता शब्द हे मेंदू जुळवून घेतो. भाषांतर समोर असले की डोळा गोष्ट समजून मोकळा होतो आणि कानाला काम उरत नाही.

म्हणजे जपानी ऐकताना जपानीच अक्षरे हवीत. त्यासाठी निदान हिरागाना आणि काताकाना या दोन जपानी लिप्या यायला हव्यात, प्रत्येकी ४६ मूळ अक्षरे. (अ इ उ ए ओ, मग क, स, त, न, ह, म, य, र, व हा त्यांचा क्रम बौद्ध भिक्षूंच्या संस्कृत अभ्यासातून जपानला मिळाला, त्यामुळे आपल्याला तो परका वाटत नाही.) कांजी, म्हणजे चिनी लिपीतून आलेली चिन्हे, अडवतात हे खरे. अशा वेळी जपानी व्हरायटी शो फार कामाला येतात. पाहुण्याने काही मजेशीर म्हटले की तेच शब्द रंगीत ठळक अक्षरांत पडद्यावर उमटतात. याला तेरोप्पु म्हणतात. ती सोय जपानी प्रेक्षकांसाठीच असते, पण शिकणाऱ्याला आयतीच मिळते.

बीटीएस या कोरियन गायकगटाच्या आरएमने, म्हणजे किम नामजूनने, फ्रेंड्स ही मालिका पाहून इंग्रजी शिकल्याचे २०१७ मध्ये अमेरिकन टीव्हीवर सांगितले होते. आधी कोरियन सबटायटल, मग इंग्रजी, मग सबटायटलच नाही, असा त्याचा क्रम. लोकांना यातली मालिका लक्षात राहते. मला यातला क्रम महत्त्वाचा वाटतो: गोष्ट एकदा कळून जाऊ द्यायची, आणि मग त्याच प्रसंगाकडे केवळ भाषेसाठी परत यायचे. एकेक भाग एकदाच पाहून पुढे पळणाऱ्याच्या हाती फक्त कथा लागते.

आतापर्यंतचे सगळे कानाचे झाले. आपल्याकडे म्हणतात, तानसेन नाही तरी कानसेन व्हावे. मैफली ऐकत आयुष्य घालवलेला रसिक दोन सुरांत राग ओळखतो, पण त्याला गायला बसवा, गळ्यातून तो राग निघणार नाही. भाषेतही असेच घडते, आणि याचा ठोस पुरावा कॅनडात मिळाला. तिथे इंग्रजी घरांतली मुले शाळेत सगळे विषय फ्रेंचमधून शिकत होती. काही वर्षांनी त्यांचे श्रवण आणि वाचन फ्रेंच मुलांच्या जवळ पोहोचले, बोलण्यात मात्र व्याकरणाच्या चुका तशाच राहिल्या. मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये याचा अर्थ लावला: ऐकताना आपण शब्दांवरून आणि संदर्भावरून अर्थ ओढून घेतो, व्याकरणाकडे लक्ष द्यावेच लागत नाही. बोलताना ती पळवाट नसते. जपानीत तोंड उघडले की ‘मध्ये’साठी ‘नि’ हा प्रत्यय लावायचा की ‘दे’, याचा निर्णय तिथल्या तिथे करावा लागतो. आपल्याला काय येत नाही हे त्या क्षणीच उघडे पडते.

त्यामुळे पाहण्याच्या प्रत्येक बैठकीत तोंड हलले पाहिजे. सर्वांत उपयोगी सराव म्हणजे पात्राच्या मागोमाग, अर्ध्या श्वासाच्या अंतराने, त्याच वेगात आणि त्याच सुरात बोलत जाणे. दुभाष्यांच्या प्रशिक्षणात हा सराव जुना आहे, शॅडोइंग या नावाने. एक मिनिटाचा प्रसंग पुरतो. आधी तो नीट समजून घ्यावा, मग जपानी अक्षरे पाहत मागोमाग बोलावे, मग अक्षरे झाकून, आणि शेवटी स्वतःचे बोलणे मोबाइलवर रेकॉर्ड करून मूळ आवाजाशेजारी ऐकावे. ही शेवटची पायरी बहुतेक जण टाळतात, कारण स्वतःचा आवाज ऐकणे जिवावर येते. पण आपले काय चुकते ते तिथेच कळते. वेग पाऊणपट करून सुरुवात केली तरी चालेल, मात्र त्या वेगावर थांबू नये.

रेकॉर्डिंग ऐकताना मराठी माणसाने काय तपासावे? ‘त्सु’ची काळजी करू नका. ‘चमचा’मधला आपला ‘च’ त्याच्या अगदी शेजारचा आहे, इंग्रजी भाषकाला तिथे झगडावे लागते. जोडाक्षरही आपल्याला येते: ‘पता’ आणि ‘पत्ता’ यांत फरक करणाऱ्या जिभेला ‘किते’ म्हणजे ‘ये’ आणि ‘कित्ते’ म्हणजे पोस्टाचे तिकीट, हे अवघड नाही. घोटाळा होतो तो दीर्घ स्वरांत. मराठीत ऱ्हस्व-दीर्घ आपण लिहिताना सांभाळतो, बोलताना फारसे नाही. जपानीत तेवढ्याने अर्थ बदलतो. ‘ओबासान’ म्हणजे काकू किंवा मावशी, ‘ओबाआसान’ म्हणजे आजी. ‘कीते’ म्हणजे ‘ऐक’. प्रत्येक दीर्घ स्वराला पूर्ण दोन ठोके द्यायचे आणि ‘न्’लाही स्वतःचा एक ठोका: ‘को-न्-नि-चि-वा’, पाच ठोके. टाळीवर म्हणून पाहिले की हे लवकर बसते.

त्यानंतर सुराची पट्टी. टोकियोच्या बोलीत ‘हाशि’चा पहिला ठोका वर आणि दुसरा खाली असेल तर खायच्या काड्या, पहिला खाली आणि दुसरा वर असेल तर पूल. ‘आमे’ म्हणजे पाऊस की चघळायची गोड गोळी, हेही असेच ठरते. मराठीत ही व्यवस्था नाही, त्यामुळे पुस्तक वाचून ती येत नाही. चित्रफितीतल्या वाक्याची संपूर्ण चाल उचलली तर मात्र बऱ्यापैकी येते. म्हणून सुटे शब्द पाठ न करता वाक्ये उचलावीत.

पण कोणाची वाक्ये? अ‍ॅनिमेवर वाढलेली मुले इथे हमखास फसतात, म्हणून थोडे थांबून सांगतो. भाषाशास्त्रज्ञ सातोशी किन्सुइ यांनी ओसाका विद्यापीठात असताना ‘याकुवारिगो’ अशी संकल्पना मांडली आहे, म्हणजे पात्राच्या भूमिकेला चिकटलेली भाषा. अ‍ॅनिमेतला म्हातारा शास्त्रज्ञ स्वतःला ‘वाशि’ म्हणतो आणि वाक्य ‘ज्या’ने संपवतो. टोकियोतला प्राध्यापक असे बोलत नाही. प्रेक्षकाला पात्र चटकन ओळखू यावे म्हणून लेखकांनी वापरलेली ती खूण आहे. डब केलेल्या परदेशी चित्रपटांतल्या बायका ‘दा वा’, ‘काशिरा’ म्हणतात, तशा आजच्या तरुण मुली क्वचितच म्हणतात. नायक शत्रूला ‘किसामा’ म्हणतो, तो शब्द प्रत्यक्षात अपमान आहे. ‘ओमाए’ (‘तू’) हाही मित्रांपलीकडे चालत नाही. इतकेच काय, पुस्तकात ‘तुम्ही’ म्हणून शिकवलेला ‘आनाता’सुद्धा जपानी माणूस सहसा टाळतो. समोरच्याचे नाव घेऊन ‘सान’ जोडतो.

बोलण्याची नक्कल करायला आपल्या जागी असलेले पात्र निवडावे. तुम्ही पुण्याजवळच्या एखाद्या जपानी कंपनीत नव्याने रुजू होणार असाल, तर ऑफिसच्या मालिकेतला साहेब कितीही रुबाबदार असला तरी त्याची वाक्ये उचलू नका. तो कनिष्ठांशी ‘तू’च्या सुरात बोलतो. त्याच्यासमोर उभा असलेला नवखा कर्मचारी काय म्हणतो ते ऐका, तो ‘देसु-मासु’च्या अदबीत बोलतो. वयाने, लिंगाने आणि हुद्द्याने आपल्या जवळचे पात्र शोधायचे आणि महिना-दोन महिने त्याचाच सूर धरायचा. साहेबांना अरे-तुरे करणारा परदेशी आपल्याला जसा खटकतो, तसेच ‘हाइ’ (‘होय’) म्हणायच्या जागी ‘उन्’ (‘हं’) म्हणणारा आपला अभियंता त्यांना खटकतो. तोंडावर कोणी बोलून दाखवत नाही, म्हणून चूक वर्षानुवर्षे राहते.

आणखी एक गोष्ट मालिकेत दिसते आणि पुस्तकात जवळजवळ नसते: ऐकणाऱ्याचे बोलणे. समोरचा बोलत असताना जपानी माणूस दर काही शब्दांनी ‘एए’, ‘हाइ’, ‘सोओ देसु का’, ‘नारुहोदो’ म्हणत मान हलवतो. याला ‘आइझुचि’ म्हणतात. आपल्याकडे गोष्ट ऐकताना हुंकार भरायचा असतो, तोच हा प्रकार, पण कितीतरी दाट. नम्रपणे गप्प राहून ऐकणारा विद्यार्थी त्यांना लक्ष नसलेला वाटतो. एखादा प्रसंग केवळ ऐकणाऱ्या पात्राकडे पाहत पुन्हा बघा आणि त्याचे हुंकार त्याच्याबरोबर भरा. प्रत्यक्ष माणसाशी बोलायला बसताना सुरुवात इथूनच करता येते. त्यात व्याकरण चुकण्याची भीती नसते आणि संभाषण लगेच खरे वाटू लागते.

प्रत्यक्ष माणूस मात्र हवाच. भाषाविनिमयाचा जोडीदार, शिक्षक, ऑनलाइन भेटणारा कोणी, आठवड्यातून अर्धा तास मिळाला तरी पुष्कळ. त्या अर्ध्या तासात पाहिलेल्या प्रसंगातली दोन-तीन वाक्ये आपल्या विषयाला वळवून वापरायची: ‘ताबेचात्ता’ ऐकले असेल, तर ‘ट्रेन चुकली’ हे ‘शिमाउ’ (‘शिमात्ता’चे मूळ रूप) वापरून कसे सांगायचे ते करून पाहायचे. आणि जिथे अडलो ते मराठीतच टिपून ठेवायचे. रिचर्ड श्मिट हे भाषाशास्त्रज्ञ ब्राझीलमध्ये पोर्तुगीज शिकत असताना रोजनिशी लिहीत. १९८६ मध्ये सिल्व्हिया फ्रोटा यांच्यासोबत तिचा अभ्यास करताना त्यांच्या लक्षात आले की लोकांच्या बोलण्यात जी रूपे त्यांनी जाणीवपूर्वक टिपली होती, तीच पुढे त्यांच्या तोंडी आली. नुसती कानावरून गेलेली आली नाहीत. मालिकेपुढे बसताना ती अडलेल्या वाक्यांची वही शेजारी असू द्या. ‘मला उशीर होणार आहे, तुम्ही सुरू करा’ हे काल जमले नसेल, तर आज कुठलेतरी पात्र फोनवर नेमके तेच म्हणताना सापडते. तिथे थांबवा, मागे घ्या, त्याच्या मागोमाग म्हणा, आणि पुढच्या भेटीत वापरा.